वाकड्या मानेचं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंत, 'केमिस्टला गोळी खपण्याशी मतलब. हॅलोपेरिडॉलने माझ्या भावाची मान वाकडी केली, घरचे म्हणाले नाटक करतोय, त्यावरचं इंजेक्शनही कुणी दिलं नाही, आणि तुम्ही त्याचेच गोडवे गाताय. हे औषध बंदच व्हायला हवं.'

खपण्याचं सोडा, त्या स्ट्रिपमागे आम्हाला काय सुटतं ते लालबागला दुकानात येऊन बघा. पण भास-संशयाच्या आजारावरच्या या औषधाबद्दलचा माझा लेख परत वाचला तेव्हा ओशाळलो. १९५८ साली बेल्जियममध्ये औषध-संशोधक पॉल यान्सेन यांच्याकडे हे औषध कसं तयार झालं, यावर मी तीन परिच्छेद खर्ची घातलेत आणि अंग आखडण्यावर एक ओळ.

ते आखडणं हा औषधाच्या मूळ कामाचाच दुसरा भाग. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन; हॅलोपेरिडॉल त्याचे डी-टू रिसेप्टर, म्हणजे ते निरोप घेणाऱ्या जागा, अडवतं. भास-संशय त्यानेच ओसरतात, पण हालचालींवरचा ताबाही डोपामिनकडेच असतो. साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की गुण येतो, ७८ टक्क्यांपुढे गेलं की अंग आखडायची भीती. मधली जागा लोकलमधल्या चौथ्या सीटएवढी! दिवसाला २ मिलिग्रॅमनेही निम्म्याहून जास्त रिसेप्टर भरू शकतात.

आणि घरचे 'नाटक करतोय' म्हणाले, ते नाटक नव्हतं. तरुण पुरुषांत, पहिल्या काही दिवसांत हे जास्त दिसतं. गेल्या पावसाळ्यात एक आई मुलाला धरून काउंटरवर आली. जबडा उघडा तो उघडाच, लाळ छत्रीवर गळतेय, नजर पंख्याकडे. 'कुणाची नजर लागली का हो?' समोरच्या डॉक्टरांनी फेनरगनचं, म्हणजे प्रोमेथाझिन या ॲलर्जीवरच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने पोरगा बाहेर वडापाव खात होता. तुमच्या भावाला ते कुणी दिलं नाही, हा राग रास्तच आहे. रिओ द जानेरोतल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले, त्यात अंग आखडलेले सगळे रुग्ण नुसतं हॅलोपेरिडॉल दिलेल्यांतले होते, जोडीला फेनरगन मिळालेल्यांतला एकही नाही.

'बंदच करा' मात्र पटत नाही. नव्या औषधांपैकी काहींनी वजन आणि साखर वाढते, तो हिशेब कुणी मांडायचा? तिळाच्या तेलातलं हॅलोपेरिडॉलचंच महिन्याचं इंजेक्शन घेणारा आमच्या गल्लीतला एकजण रोज सकाळी कामावर जातो. गोळ्या तो खिडकीतून फेकायचा.

लेखात दुरुस्ती करतोय. तुम्ही एक करा, भावाच्या फाईलवर लाल पेनाने लिहा, 'हॅलोपेरिडॉलने मान आखडली होती', आणि कॅज्युअल्टीत आधी तेच पान पुढे करा.