बेअरिंग नव्वद रुपयांचं, मिजास तीन हजारांची

आधीच सांगून ठेवते, मला व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करायचा नव्हता. मला माळा झाडायचा होता. दिवाळी आठ दिवसांवर आलेली, चकलीची भाजणी दळून आलेली, आणि माळ्यावर गेल्या दिवाळीपासूनची धूळ सुखाने नांदत होती. यंत्र काढलं, पाइप जोडला, बटण दाबलं. आणि जो काही आवाज आला! जात्यात मूठभर खडे टाकून कुणीतरी ते भन्नाट वेगाने फिरवतंय असा. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू वर. "काय गं, फरशा बदलताय का? सोसायटीची परवानगी काढलीत ना?"

बरं, यंत्र काही आजोबांच्या काळातलं नाही. चार वर्षांपूर्वीचं, साडेसहा हजारांचं. आठवड्यातून एकदा, फार तर अर्धा तास चालतं.

मग शहाण्या माणसासारखा कंपनीला फोन केला. अठरा मिनिटं ते संगीत ऐकलं. "मॅम, आम्ही तुमची अडचण समजू शकतो." नाही हो, नाही समजू शकत. समजू शकला असतात तर आधी एक दाबा, मग चार दाबा, मग पुन्हा एक दाबा हे केलं नसतंत. शेवटी तक्रार नोंदवली. भेटीचे चारशे नव्व्याण्णव. यंत्राला हात लावायचे नव्हेत बरं का, फक्त दर्शनाचे.

तिसऱ्या दिवशी मुलगा आला. बटण दाबलं, चार सेकंद ऐकलं, बंद केलं. एक स्क्रू उघडला नाही, पाइप काढून आत डोकावला नाही. "मॅडम, मोटर गेली. तीन हजार दोनशे होतील."

मी म्हटलं, गेली म्हणजे? फिरतेय की.

"आवाज येतोय ना."

मग आवाजाचं बघा ना. आतलं बेअरिंग, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते गोळ्यांचं कडं, तेवढंच बदलता येत नाही का?

"सुटं मिळत नाही मॅडम. पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते."

हे वाक्य तो इतक्या सहज बोलला की माझं डोकं तिथेच फिरलं. आणि निघताना वर म्हणतो, "मॅडम, तेवढा हॅपी कोड सांगा." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: काम झालं, ग्राहक खूश झाला, की ग्राहकाने मोबाइलवर आलेला एक आकडा कारागिराला सांगायचा. तो त्याने भरला की तक्रार मिटली. हॅपी! अरे, कोण हॅपी? कशाबद्दल हॅपी? कोड दिला नाही. पोरगा बिचारा हिरमुसला, त्याचं टार्गेट असणार. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला उघडायला शिकवलेलंच नाही, बदलायला शिकवलंय.

बाबांना फोन लावला. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. त्यांना निदान सांगायला यंत्र बघावं लागत नाही, फोन जवळ धरला की पुरतं. "बेअरिंग वाजतंय," ते म्हणाले. मी विचारलं, कशावरून? "अगं, कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ते काळे तुकडे, संपले असते तर मोटर अडखळली असती, ठिणग्या दिसल्या असत्या, जळका वास आला असता. फिल्टर चोंदला असता तर आवाज उंच चढला असता आणि ओढ कमी झाली असती. हे खरखरतंय. बेअरिंगच. उघड आणि नंबर बघ, त्याच्या कडेवर छापलेला असतो." फुकट. फोनवर. चारशे नव्व्याण्णव रुपये न घेता.

"उघड" म्हणणं सोपं आहे. आता माझ्या रागाच्या खऱ्या विषयाकडे येते.

स्क्रू. तळाला आठ स्क्रू. सात साधे, आपल्या घरातल्या फुलीच्या पेचकसाने निघणारे. आठवा मात्र चार इंच खोल विहिरीत, चांदणीच्या आकाराचा, आणि त्या चांदणीच्या मधोमध एक टाचणीएवढा खुंट, म्हणजे पेचकसाचं साधं चांदणीचं टोक, ज्याला स्टार बिट म्हणतात, तेसुद्धा बसू नये. या आठव्या स्क्रूने यंत्राची मजबुती वाढते का? नाही. त्याने विजेचा धोका कमी होतो का? नाही, शॉक लागणाऱ्यांना बाकीचे सात मोकळेच आहेत. त्याचं काम एकच: मला बाहेर ठेवणं. माझ्या पैशाने घेतलेल्या वस्तूला माझ्याविरुद्धच कुलूप. त्याखेरीज एक स्क्रू चाकाच्या टोपीखाली लपवलेला आणि एक स्टिकरखाली. स्टिकरवर लिहिलेलं, हे फाडल्यास वॉरंटी रद्द. वॉरंटी दोन वर्षांपूर्वीच संपली होती, तरी फाडताना हात थरथरला. एवढी भीती बसवून ठेवलीये आपल्यात.

विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत गेले. दिवाळीच्या आठवड्यात बुधवार पेठेत जाणं म्हणजे काय ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. एकीकडे लायटिंगच्या माळा, दुसरीकडे माणसांच्या माळा. मध्ये भोक असलेला स्टार बिट मागितला तर काउंटरवरचे काका प्रेमाने म्हणाले, "ताई, साहेबांना पाठवा ना, त्यांना बरोबर कळेल." साहेब त्या वेळी घरी चकलीचं पीठ मळत होते, आणि त्यातच त्यांना बरोबर कळतं. बिटचा सेट घेतला, एकशे ऐंशी. घरी आले. बिट स्क्रूत चपखल बसतो, पण विहिरीच्या तळापर्यंत पोचत नाही. बिट एक इंचाचा, विहीर चार इंचांची! परत तापकीर गल्ली. लांब दांड्याचा बिट. काका म्हणाले, "आधी सांगायचं ना." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती ही.

उघडलं एकदाचं. आत मोटर, आणि तिच्यावर पांढऱ्या पिठाचा थर. आता ही चूक माझी, कबूल करते. ऑगस्टमध्ये घर रंगवलं, पुट्टी घासल्यावर जमिनीवर जी पिठूळ भुकटी पडते ती मी याच यंत्राने ओढली होती. ती इतकी बारीक असते की कापडी पिशवीतून आरपार जाते, आणि या प्रकारच्या यंत्रात पिशवीतून आलेली हवाच मोटर थंड करत बाहेर पडते. म्हणजे पुट्टी सरळ बेअरिंगच्या ग्रीसमध्ये. ग्रीसची झाली खीर. पण हे सांगायला नको होतं का कुणी? माहितीपुस्तिका बारा भाषांत, त्यात 'यंत्र पाण्यात बुडवू नये', 'लहान मुलांच्या चेहऱ्यावर धरू नये' सगळं आहे. पुट्टीबद्दल ओळ नाही. भारतात माणूस व्हॅक्यूम क्लीनर काढतो तो मुळी दोनदाच, दिवाळीला आणि रंगाऱ्यांच्या नंतर!

मोटरच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण. स्क्रू नाहीत, नुसतं दाबून बसवलेलं. चपट्या पेचकसाने कडेकडेने उचकटत काढलं. घाईत एका बाजूने खेचलं की पत्रा वाकतो, आणि मग परत बसवताना आतला पंखा त्याला घासतो. खाली तो पंखा, त्याच्या मधोमध नट. पाना लावला, जोर लावला. हलेना. आणखी जोर. बाबांना व्हिडिओ कॉल. "अगं थांब! उलटे आटे आहेत. सोडवत नाहीयेस, आवळतेयस." मोटर ज्या दिशेने फिरते त्या दिशेने नट आपोआप सैल होऊ नये म्हणून हे करतात. याला कारण आहे, म्हणून यावर मी रागावणार नाही. पण मोटरवर एक छोटा बाण छापायला किती शाई लागते?

कार्बन काढताना एक स्प्रिंग उडाली ती थेट फ्रिजखाली. फ्रिजखाली काय काय सापडलं ते सांगत नाही, सासूबाईही हे वाचतात.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, हातात आलं. पंख्याच्या बाजूचं बेअरिंग ६०८, मागचं ६०७. हे नंबर नीट वाचा, कारण राग इथे उकळतो. ६०८ म्हणजे आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. जगभर हाच नंबर, हेच माप. पोरांच्या स्केट्सच्या चाकांत हेच बेअरिंग असतं. माझ्या लेकीच्या स्केट्समध्ये अशी सोळा आहेत! कंपनीने हे बेअरिंग बनवलेलं नाही, त्याचं माप ठरवलेलं नाही, त्यावर तिचं नावही नाही. ती स्वतः बाजारातून घेते आणि मला सांगते, सुटं मिळत नाही. कुठे मिळत नाही? पुण्यात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं!

तिसरी फेरी. नव्वद रुपयांना चांगल्या बनावटीचं ६०८, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं, म्हणजे झेडझेड. स्केट्समधलं का नाही वापरलं? लेकीने विचारू दिलं नाही हे एक, आणि बाबा म्हणाले की स्केटचं चाक आणि मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे मारणारी मोटर यात फरक आहे. रबरी सीलचंही नको म्हणाले, रबर घासतं आणि एवढ्या वेगाला तापतं. घरी येऊन मागच्या बाजूचं, तिथेच घेतलेलं दुसरं बेअरिंग बसवायला घेतलं तर ते खोबणीत जाईना. बघते तो दुकानदाराने ६०७ ऐवजी ६२७ दिलेलं. दोन्हींचं भोक ७ चं, म्हणून दांड्यावर सुरेख बसतं, पण ६०७ बाहेरून १९ चं आणि ६२७ बाहेरून २२ चं. चौथी फेरी. रिक्षाचे पैसे मोजायचे मी तिथून पुढे सोडून दिले.

पंख्याच्या बाजूचं जुनं बेअरिंग निघेना तेव्हा बाबा स्वतः आले. पीएमपीच्या बसने, कापडी पिशवीत पुलर, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं अवजार, आणि गोटी पान्याच्या जुन्या पोकळ गोट्या घेऊन. दिवाळीला माहेरून फराळ येतो लोकांकडे, माझ्याकडे पुलर आला. बेअरिंग निघालं. बोटावर धरून फिरवलं तर वाळू चावल्यासारखं. नवं बसवताना मी हातोडी उचलली तर बाबांनी हात धरला. "बाहेरच्या कड्यावर ठोकलंस तर आतल्या गोळ्या ज्या वाटेवर फिरतात तिला खड्डे पडतील, नवंही पहिल्या दिवसापासून वाजेल." आतल्या कड्याच्या मापाची गोटी ठेवून, तिच्यावर हळूहळू ठोकत बसवलं.

मग मी एक मूर्खपणा केला. सगळं बंद करायच्या आधी आवाज बघूया म्हणून मोटर डायनिंग टेबलावर नुसती ठेवून प्लग लावला. मोटर झटका देऊन गरकन फिरली आणि टेबलावरून उडाली. भाजणीच्या डब्यात पडायची ती चार बोटांनी चुकली. बाबा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. असं कुणी करू नका.

मधल्या एका रात्री, बिट शोधत असताना, मी वाचत बसले होते. युरोपियन युनियनने २०१३ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरसाठी नियम केले. सप्टेंबर २०१७ पासून तिथे विकायच्या यंत्राचा आवाज ८० डेसिबलच्या वर नको आणि मोटर किमान ५०० तास टिकली पाहिजे. पाइपसुद्धा ४०,००० वेळा हलवून तपासायचा. आता हिशेब करा. आठवड्याला अर्धा तास म्हणजे वर्षाला २६ तास. चार वर्षांत १०४. पाचशे तासांना एकोणीस वर्षं लागली असती! पुट्टीचा गुन्हा माझा धरला तरी ३९६ तासांचं देणं कुणीतरी लागतं. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलंय. चांगली गोष्ट. त्या हक्कात एक चार इंची स्टार बिटही द्या म्हणावं.

आणि लोकांचे सल्ले! "इतका त्रास कशाला, नवा घे, एक्स्चेंजमध्ये पाचशे देतात." "अगं, झाडूने काय होत नाही?" लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो ते उगीच नाही, असं सासूबाई म्हणाल्या. खरंय. केरसुणीला आठवा स्क्रू नसतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी यंत्र बंद केलं. झाकण बसलं, आठवा स्क्रू मी मुद्दाम साधा फुलीचा लावला. बटण दाबलं. तोच जुना घुंई आवाज, खरखर गायब. काकू वर आल्या नाहीत. माळा झाडून झाला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि चकल्या तळून, थंड होऊन, निम्म्या संपल्यासुद्धा होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "मॅम, तुमची तक्रार आमच्या सिस्टिममध्ये यशस्वीपणे सोडवलेली दिसतेय. फक्त हॅपी कोड राहिलाय. सांगता का?"

मी म्हटलं, "कोड सुटा मिळत नाही हो. पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते."