कोंबडीची जन्मतारीख

सुपरमार्केटातल्या चिकनच्या फ्रीजसमोर फार वेळ उभं राहू नये. एक तर थंडी वाजते. शिवाय मागचं गिऱ्हाईक संशयाने बघायला लागतं, ‘यांना काहीतरी कळलेलं दिसतंय!’ आणि हातातलं पाकीट हळूच परत ठेवतं. आमच्या ह्यांच्यापायी अशी किती पाकिटं परत गेली असतील, त्याला हिशेब नाही.

ह्यांना पाकिटं वाचायचा नाद लागलाय. तोही मनातल्या मनात नाही, खड्या आवाजात. पूर्वी मी बरी एकटी जायची. सगळ्यात स्वस्त पाकीट उचलायचं, ट्रॉलीत टाकायचं, घरी यायचं. स्वस्त चिकनची एक मोठी सोय असते. ते कुठलाही प्रश्न विचारत नाही, आणि त्याला काही विचारावं असा चेहराही त्याला उरलेला नसतो. गुलाबी, चौकोनी आणि निमूट. पण ह्यांनी कुठेतरी काहीतरी वाचलं आणि आमच्या घरात एकदम कोंबड्यांचं कल्याण सुरू झालं.

“अगं, हे घेऊ. ‘पिंजऱ्याविना वाढवलेली’.”

“अहो, खायच्या कोंबड्या बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यात नसतातच. शेडमध्ये खालीच असतात. पिंजरे अंड्यांवाल्यांना.”

“मग ही घे. ‘हार्मोनविरहित’.”

कोंबड्यांना हार्मोन द्यायला अमेरिकेत आणि युरोपात कित्येक दशकांपासून बंदी आहे. ते दिले नाहीत म्हणून पाकिटावर मिरवायचं, म्हणजे ‘आम्ही गिऱ्हाइकाचा खिसा कापत नाही’ अशी पाटी लावून दुकान चालवायचं. (हे मला कसं माहीत? ज्या घरात एक माणूस सतत वाचत असतो, तिथे दुसऱ्याला नाइलाजाने ज्ञान होतं.) आणि ती चित्रं! हिरवंगार कुरण, कौलारू घर, मागे उगवता सूर्य, आणि त्या सगळ्यात ऐटीत उभी एकच कोंबडी. शेडमधल्या बाकीच्या हजारो फोटोच्या दिवशी रजेवर असाव्यात.

तारखांची मात्र पाकिटावर चंगळ असते. पॅक कधी केलं, खायचं कधीपर्यंत, मरणोत्तर सगळं काही छापलेलं. जन्मतारीख तेवढी नसते. खरी मेख तिथेच आहे हे ह्यांचं म्हणणं मला पटलं, जरी मी तसं बोलून दाखवलेलं नाही. स्वस्तातली ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत दोन-अडीच किलोची होऊन जगाचा निरोप घेते. त्या वयात ती अजून चिवचिवत असते. म्हणजे आपण खातो ते आडदांड अंगाचं पिल्लूच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिल्लं एकाच दाण्यावर वाढवून बघितली आणि २०१४ मध्ये आकडे छापले. ५६ दिवसांनंतर १९५७ चं वाण भरलं ९०५ ग्रॅम, १९७८ चं १८०८ आणि २००५ चं ४२०२. दाणा तोच, दिवस तेवढेच. हार्मोनचा यात काही संबंध नाही. भराभर वाढणाऱ्यांची निवड करून पैदास करत राहायचं, एवढंच. छाती फुगत गेली आणि पायांना कोणी विचारलंच नाही. त्यामुळे शेवटच्या दिवसांत कित्येकींना धड चालताही येत नाही.

हे सगळं मला जेवताना सांगितलं जातं. समोर चिकन असताना.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा सांगायला लावली. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सेलिया स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. आपण काय केलं असतं? तक्रार केली असती, ताशी एक या वेगाने फोन केले असते. बाईंनी ती ठेवून घेतली, वाढवली आणि मांसासाठी विकली. चांगला नफा झाला, तशी पुढच्या खेपेला त्यांनी १००० मागवली. ब्रॉयलरच्या धंद्याची सुरुवात सांगताना अजूनही तिथूनच सांगतात. आज जगात वर्षाला सात हजार कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात, आणि सुरुवात म्हणे एका शून्याच्या चुकीने! ऑर्डर चुकीची आली की मी हल्ली जरा बिचकूनच खोका उघडते.

शेवटी ह्यांनी एक कोंबडीवाला शोधून काढला. गावाबाहेर स्वतःच कोंबड्या मोकळ्यावर वाढवणारा. भाव तिप्पट. युरोपातल्या नियमांत शेडमध्ये एका चौरस मीटरला जास्तीत जास्त ४२ किलो वजनाच्या कोंबड्या बसतात, म्हणजे दोन-दोन किलोच्या एकवीस. पाकिटावर ‘मोकळ्यावर वाढवलेली’ लिहायचं तर कोंबडीने किमान ५६ दिवस काढलेले असावे लागतात, आणि पारंपरिक पद्धतीची म्हणायची तर ८१. आमचा कोंबडीवाला ८१ वाल्यांच्या पंथातला. फोन केला की म्हणतो, “या आठवड्यात नाही हो जमणार, वाढताहेत अजून.” हे ऐकून ह्यांचा ऊर भरून येतो. मी पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात यायला सांगते.

आणि मग ती कोंबडी शिजवायची. स्वस्त चिकनचं बरं असतं. पातेल्यात टाकलं की आपलं आपण पाणी सोडतं (काही ठिकाणी मिठाचं पाणी टोचून वजन वाढवलेलंच असतं, म्हणजे आपलेच पैसे आपल्याच गॅसवर उडून जातात) आणि बघता बघता मऊ होतं. ही बाई ऐकायला तयार नाही. आयुष्यभर हिंडलेली. मांड्या चांगल्या गडद, कारण राबलेल्या स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन जास्त. वयामुळे कोलॅजन (स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन) मुरलेलं, ते विरघळायला मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. भूक लागलेल्या माणसांना कोलॅजन समजावून सांगणं फार कठीण असतं.

“चिवट नाही, भरीव आहे,” हे म्हणाले. “व्यायाम केल्याची खूण आहे ती.”

“व्यायाम तिने केला आणि कवळी माझी झिजतेय,” सासूबाई म्हणाल्या.

चवीबद्दल मी गप्प राहते, कारण ह्यांना तेच ऐकायचंय. पण हाडांचं पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तर सकाळी चमचा उभा राहील असं गोठलेलं होतं. सासूबाईंनी सूप दोनदा मागून घेतलं. आता चिकन आमच्याकडे कमी वेळा होतं, पण आणलं की अख्खं आणतो आणि वाया काही जात नाही. खर्चाची तोंडमिळवणी होते, जवळजवळ.

परवा मीही गेले त्या कोंबडीवाल्याकडे. कोंबड्या खरोखरच हिंडत होत्या, धुळीत लोळत होत्या, एकमेकींशी भांडत होत्या. ह्यांनी असा चेहरा केला होता की जणू त्यांनीच शिकवलंय.

“सगळं इथलंच ना?” ह्यांनी विचारलं.

“कोंबड्या इथल्या. दाण्यातलं सोयाबीन जहाजाने येतं, समुद्रापलीकडून.”

हे गप्प. हल्ली हे गप्प बसायचा योग क्वचित येतो, म्हणून मी तो पुरता उपभोगला. कोंबडीवाला भला माणूस, त्याने वर आणखी भर घातली. जास्त दिवस वाढते म्हणजे तेवढ्याच मांसाला दाणाही जास्त खाते. कोंबडीचा जो काही बोजा पृथ्वीवर पडतो तो बराचसा या दाण्याचा, गावातल्या गावात आणण्या-नेण्याचा त्यापुढे किरकोळ. हिचं आयुष्य बरं जातं, त्याचे पैसे मी घेतो, म्हणाला. बाकी पुण्य तुम्ही तुमचं मोजा. इतकं सरळ मला आजवर कुठल्याच पाकिटाने सांगितलं नव्हतं.

कोंबडी साफ करून पिशवीत घालताना त्याने बजावलं, “मंद आचेवर दोन तास तरी ठेवा. मधूनमधून बघावं लागतं, सोडून जाता येत नाही. शिजवतं कोण तुमच्याकडे?”

हे समोरच्या भिंतीवरची पाटी वाचायला लागले. पाटीवर ‘आज रोख, उद्या उधार’ एवढंच होतं. त्यांना ती बराच वेळ पुरली.

“हेच,” मी म्हटलं, आणि पिशवी ह्यांच्या हातात दिली.