टोकन परत आलं

आज सकाळी मुलाच्या खोलीचं टोकन परत आलं. सांगलीतल्या विश्रामबागेतली खोली. परवा घरमालक चहा पाजून ‘कधी येताय राहायला’ म्हणाले होते. आज फोनवर, ‘ख्रिश्चन आहात हे आधी सांगायचं ना. आमच्यात चालत नाही.’

दुपारपर्यंत माझे हात थरथरत होते. भाच्यानं विचारलं, त्यांचा नंबर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या ग्रुपवर टाकू का? खरं सांगते, ‘टाक’ असं लिहून झालं होतं. आई आठवली म्हणून खोडलं.

१९९३ मध्ये गावभागातल्या एका बाईंनी आईला असंच परत पाठवलं होतं. टेम्पोतून सामान उतरवताना त्यांना बायबलच्या वचनाची फ्रेम दिसली, झालं. आई मिरजेत नर्स, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या हॉस्पिटलात. बाळंतपणाला आमची सिस्टर चालते, सलाइन लावायला चालते, भाडेकरू म्हणून चालत नाही? हे मी विचारणार. क्षमा करायची म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणायचं नाही, असं मला कुणी शिकवू नये.

(हो, आपल्या मंडळीतही सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ विचारतातच. तेही वाईटच. मान्य.)

पण मग २०१९ चा पूर आठवतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, गावभाग पाण्यात. आई रिटायर झालेली, गुडघे गेलेले, तरी रोज शाळेतल्या छावणीत मलमपट्टीला जायची. तिथं त्याच बाई बसल्या होत्या. पुराच्या पाण्यातून चालून पायांना चिखल्या झालेल्या. आईनं त्यांचे पाय धुतले, पुसले, बोटांच्या बेचक्यात मलम लावलं. बाईंनी ओळखलं नाही, आईनंही ओळख दिली नाही. मी घरी येऊन तिच्याशी भांडले, सांगितलं का नाहीस म्हणून. ती म्हणाली, ‘अगं, दुखत होतं त्यांना.’

शोमरोनी लोकांचं यहूद्यांशी वैर. त्यांच्या एका गावानं येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान ते गाव जाळायला आकाशातून अग्नी मागायला निघाले. आज मी त्यांच्यातलीच. प्रभूनं गावाला नाही, त्या दोघांनाच दटावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. बायबलमध्ये लूक, नववा अध्याय. पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात हाच योहान पेत्राबरोबर शोमरोनात जातो, पवित्र आत्मा मिळावा म्हणून तिथल्या लोकांवर हात ठेवतो. त्या दिवशी अग्नी पडला असता तर त्यानं हात कुणावर ठेवला असता?

नाताळच्या करंज्या तळून झाल्यात. एक डबा त्या घरमालकांसाठी भरलाय. मुलगा म्हणतो, मी येणार नाही. नको येऊस म्हटलं. मीही आज जात नाही. आज नेला तर त्यांना ओशाळं करायलाच नेल्यासारखं होईल. पाय धुताना आईच्या मनात तसलं काही नव्हतं. माझ्या मनात अजून आहे.

करंज्या आठवडाभर टिकतात.