राखीव कॅचर ओळखीवर टिकतो? साफ चूक

सर्रास पुढे पाठवला जाणारा एक दावा असा: धड फटका मारता न येणारा राखीव कॅचर (बॅटरच्या मागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा) अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, दहा वर्षं काढतो ती ओळखीच्या जोरावर. चेंडू काय, कुणीही झेलेल. आणि संघ त्याला सारखे सोडतात, म्हणजे तो कुणालाच नको असतो.

ओळखीचं आधी बघू. एरिक क्रॅट्झला टोरंटो ब्लू जेजनं २००२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २९व्या फेरीत घेतलं. मेजर लीगमधला पहिला सामना मिळाला तो जुलै २०१० मध्ये, पिट्सबर्ग पायरेट्सकडून, वयाच्या ३०व्या वर्षी. वशिला असता तर आठ वर्षं खालच्या, मायनर लीगमध्ये गेली नसती. पुढे तो ९ संघांकडून ३३२ सामने खेळला, फलंदाजीची सरासरी .२०९ (साधारण पाच प्रयत्नांत एक हिट), आणि थांबला ४०व्या वर्षी.

‘कुणीही झेलेल’ हे तर सपशेल चूक. सामन्यात एका संघाचे पिचर साधारण दीडशे चेंडू टाकतात, त्यातले निम्मे तरी बॅटर सोडून देतो. काठावरच्या चेंडूला कॅचर ग्लोव्ह खालून वर, झोनकडे (चेंडू स्ट्राइक ठरतो त्या चौकटीकडे) आणत झेलतो. ग्लोव्ह चेंडूमागे बाहेर वाहवत गेला, किंवा झेलल्यावर मनगटाला झटका दिला, की अंपायर ‘बॉल’ (झोनबाहेरचा चेंडू) देतो. अशा एका जादा स्ट्राइकची किंमत सुमारे एक अष्टमांश रन. सामन्याला एक जादा स्ट्राइक मिळवली तर ८० सामन्यांत १० रन होतात, म्हणजे जवळपास एक विजय. सरासरीच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

तिसऱ्या बेसवर धावपटू असताना जमिनीवर आपटणारा स्प्लिटर (शेवटी अचानक खाली पडणारा चेंडू) झेलायचा नसतो, अडवायचा असतो: दोन्ही गुडघे खाली, ग्लोव्ह पायांच्या मध्ये, हनुवटी छातीला, खांदे पुढे वळवलेले. नवखा कॅचर तो पकडायला जातो, चेंडू मागे सुटतो आणि रन जाते. शिवाय होम प्लेटपासून दुसऱ्या बेसचं अंतर ३८.८ मीटर, चेंडू ग्लोव्हमध्ये आल्यापासून दोन सेकंदांत तो तिथे पोचवावा लागतो.

संघ सोडतात ते नियमांमुळे. संघाच्या २६ जणांत कॅचर सहसा दोनच, म्हणून दुखापतीसाठी तिसरा ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवर, ठेवतात. ज्याचे ‘ऑप्शन’ (मायनर लीगमध्ये मोकळेपणानं पाठवायची मुभा) संपले, त्याला वेव्हरशिवाय, म्हणजे आधी इतर संघांना त्याला घ्यायची संधी दिल्याशिवाय, खाली पाठवता येत नाही. जागा हवी झाली की ४० जणांच्या यादीतून त्याचं नाव काढतात आणि सात दिवसांत ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) किंवा वेव्हरचा निर्णय घ्यावा लागतो. तेवढ्यात दुसरीकडे कुणी कॅचर जखमी झाला तर हाच माणूस तिथे लागतो. २०१८ मध्ये ३८ वर्षांचा क्रॅट्झ मिलवॉकी ब्रूअर्सकडून थेट प्लेऑफमध्ये खेळला.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: २०२६पासून अंपायरचा निर्णय तपासणाऱ्या स्वयंचलित झोनमुळे फ्रेमिंगचं, म्हणजे काठावरचा चेंडू स्ट्राइक वाटेल असा झेलण्याचं, वजन घटतं. पण सामन्याच्या सुरुवातीला संघाला अंपायरच्या निर्णयाविरुद्ध आव्हानं दोनच मिळतात, बरोबर ठरलं तरच ते शाबूत राहतं. बाकीचे निर्णय अंपायरचेच. आणि आव्हान द्यायचं ते बॅटर, पिचर किंवा कॅचरनं, तत्क्षणी, डगआउटच्या (संघाच्या बाकावरच्या लोकांच्या) मदतीशिवाय.