डोंगर कायम घडीवर येतो

डोंगर चढायला दम लागतो, चांगले बूट लागतात, असं सगळे सांगतात. टेबल लागतं हे कुणी सांगत नाही. चांगलं ऐसपैस टेबल, ज्यावर दुसऱ्या कुणाची फाइल, कप किंवा कोपर नाही. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा १:५०,००० चा एक नकाशा म्हणजे जमिनीवरचा ४० किलोमीटर बाय ४० किलोमीटरचा चौकोन. कागदावर तो ८० सेंटिमीटर बाय ८० होतो, कडेचा मजकूर वेगळा. अशी २०४ शीटं मिळून अख्खं ग्रेट ब्रिटन. आमच्या घरात त्यातलं एक उलगडलं की नवरा ताट हातात घेऊन उभा राहतो.

या भानगडीचं मूळ नकाशात नाही, यादीत आहे. १८९१ मध्ये ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या ३,००० फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. तोवर लोक डोंगरावर हवा खायला जात होते. यादी आली आणि डोंगरांपुढे बरोबरच्या खुणा करायचा नाद लागला. आज यादीत २८२ नावं आहेत. खुद्द मन्रो १९१९ मध्ये गेले ते यादी पुरी न करता. एवढ्यावरून माणसानं बोध घ्यायला हवा होता. त्याऐवजी माझ्यासारख्यांनी ती यादी फ्रिजवर चिकटवली.

आता यादीत फक्त नाव आणि उंची. तो डोंगर आहे कुठे, कुठल्या सोंडेनं चढायचं, मधे ओढा किती रुंद, यासाठी नकाशा हवाच. म्हणून मी दुकानात गेले आणि म्हटलं, “डोंगराचा नकाशा द्या.” काउंटरमागच्या मुलानं माझ्याकडे फार समजुतीनं पाहिलं.

“कुठला स्केल?”

१:५०,००० मध्ये एक किलोमीटर दोन सेंटिमीटरांत मावतो, १:२५,००० मध्ये त्यालाच चार लागतात. पहिल्यात आवाका दिसतो, दुसऱ्यात शेताची कुंपणंही. धुक्यात वाट हरवली की कुंपणासारखा सोबती नाही, त्यामुळे जाणकार दुसरा घ्या म्हणतात. दुसरेच जाणकार पहिला घ्या म्हणतात, कारण दूरवर दिसणारं शिखर कुठलं हे ओळखायला त्या नकाशाच्या कडा तिथवर पोचतात. दोन्ही पक्षांचं म्हणणं पटल्यामुळे मी दोन्ही घेतले. घरी आल्यावर लक्षात आलं की मोठ्या नकाशावर तीच चाल दुप्पट लांब दिसते. पाय दुखायला तेवढं पुरतं.

खरी गंमत रेघांची. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन हे इंग्लंडच्या राजाचे खगोलशास्त्रज्ञ शिहॅलियन नावाच्या स्कॉटिश डोंगरापाशी मुक्काम ठोकून बसले होते. डोंगर ओळंब्याला स्वतःकडे किती ओढतो ते मोजायचं आणि त्यावरून पृथ्वी किती जड ते काढायचं, असा बेत. त्यासाठी डोंगराचा नेमका आकार कळायला हवा. ती आकडेमोड चार्ल्स हटन यांच्याकडे आली. कागदावर उंचीच्या आकड्यांचा नुसता सडा पडलेला. सारख्या उंचीच्या जागा रेघेनं जोडल्या तर डोंगर डोळ्यांपुढे उभा राहतो, हे त्यांना दिसलं. पृथ्वी तोलायला कामाला आलेल्या त्या कंटूर रेघा आज माझ्या मांड्यांचं भविष्य सांगतात. शिहॅलियनही मन्रोंच्या यादीत आहे, १,०८३ मीटर. लोक त्यावर चढतात, खूण करतात आणि उतरतात. बिचाऱ्यानं केवढं काम केलंय हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की निवांत. इथवर शाळेतही शिकवतात. पण एका रेघेपासून दुसरीपर्यंत किती चढायचं, हे नकाशागणिक बदलतं ते शाळेत सांगत नाहीत. ऑर्डनन्स सर्व्हे डोंगराळ भागात दर १० मीटरला रेघ काढतो. डोंगरवाल्यांचे लाडके हार्वीचे नकाशे १५ मीटरला काढतात. म्हणजे ३०० मीटरचा तोच चढ एकावर ३० रेघांचा, दुसऱ्यावर २०. पैसे मोजून एक तृतीयांश रेघा कमी करून मिळण्याची सोय मला दुसऱ्या कुठल्याच कष्टाच्या कामात आढळलेली नाही. नवऱ्याला बरोबर न्यायचं असेल तर कुठला नकाशा त्याच्यापुढे पसरायचा, हे वेगळं सांगायला नको.

तो मात्र आकडेमोडीचा माणूस. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब त्याला पाठ आहे: तीन मैलांना एक तास, शिवाय दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. पेन्सिल घेऊन तो वेळ काढतो आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. फक्त नेस्मिथ यांनी त्यात लेस बांधणं, जॅकेट काढणं, जॅकेट पुन्हा घालणं आणि “ते समोर दिसतंय तेच ना शिखर?” या प्रश्नाला लागणारा वेळ धरलेला नाही. समोर दिसतं ते शिखर कधीच नसतं.

आता कडेची गोष्ट. जमिनीचे चौकोन पाडायचे म्हटल्यावर कड कुठे ना कुठे येणारच, त्यात कुणाचा दोष नाही. शेजारशेजारची शीटं थोडी एकमेकांवर चढलेलीही असतात. तरीही मला जायचं असतं तो डोंगर, त्याच्या पायथ्याची गाडी लावायची जागा आणि परतीची वाट ही तीन वेगवेगळ्या शीटांवरची मंडळी असतात. १:२५,००० चे बरेच नकाशे तर दोन्ही बाजूंनी छापलेले. आपण धारेवरून छान चाललेलो असतो. धार संपत नाही, कागद संपतो. पुढची धार पाठीमागे आहे. माथ्यावरच्या वाऱ्यात तो पसारा एकट्यानं उलटा करणं म्हणजे वादळात ओली चादर वाळत घालणं. बरं, भिंतीवर लावावा तर एक बाजू कायमची भिंतीकडे तोंड करून. उपाय एकच, तोच नकाशा पुन्हा विकत घ्यायचा. काउंटरमागचा मुलगा आता मला पाहून हसतो, तो आनंदानं हसतो असं मी धरून चालते.

घडीबद्दल काय बोलावं! मूळ घडीत नकाशा एकदाच असतो, दुकानात. मग तो ज्या आकारात बसतो त्याला भूमितीत नाव नाही. चार घड्या जिथे मिळतात तिथला कागद आधी झिजतो आणि भोक पडतं. माझ्या एका नकाशावर त्या जागी खिंड होती. दोन्ही बाजूंचे डोंगर आहेत, खिंड गेली. पाण्याला न भिणारे नकाशेही मिळतात, पावसात ते खरंच टिकतात. पण प्लास्टिकचा थर दिलेला नकाशा मिटवला की आपणहून उघडतो, आणि पिशवीत घालून गळ्यात अडकवला की वाऱ्यात नाकावर येतो.

टिकणाऱ्या नकाशाचाही काही उपयोग नसतो म्हणा, कारण डोंगर टिकत नाहीत. २०१६ मध्ये बेन नेविस नव्यानं मोजला आणि ब्रिटनचं सर्वोच्च शिखर १,३४४ मीटरचं १,३४५ झालं. डोंगर वाढला नव्हता, मोजणी सुधारली होती. त्याआधी २०१२ मध्ये उलटं झालं. बेन अ ख्लायव हा डोंगर जीपीएसनं मोजला तर भरला ९१३.९६ मीटर. मन्रोंच्या यादीत बसायला लागतात ९१४.४. चव्वेचाळीस सेंटिमीटरांनी, म्हणजे एका जरा उंच पायरीनं, तो यादीतून गेला. ज्यांनी घाम गाळून त्याच्यापुढे खूण केली होती त्यांच्या पायांचं काय, याबद्दल यादी काही बोलत नाही. जुन्या नकाशावर त्याची अब्रू अजून शाबूत आहे. म्हणून मी नवी आवृत्ती घेते आणि जुनी टाकत नाही. कपाट एकच आहे, हा कपाटाचा प्रश्न आहे.

दिशांचंही तेच. नकाशाच्या कडेला तीन उत्तर दिशा दाखवलेल्या असतात: खरी उत्तर, नकाशावरच्या चौकटींची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर. तिसरी सरकत असते, त्यामुळे जुन्या नकाशावर छापलेला फरक शिळा होत जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉर्सेटमधल्या लँग्टन मॅट्राव्हर्स गावापाशी या तिघी ब्रिटनच्या जमिनीवर पहिल्यांदा एका रेषेत आल्या. आमच्या घरातल्या दोघांची मतं अशी एका रेषेत आल्याची नोंद अजून कुठे नाही.

“अगं, फोनमध्ये आहे की सगळं,” हे नवऱ्याचं मत. आहे, मान्य. २०१५ पासून ऑर्डनन्स सर्व्हेच्या कागदी नकाशासोबत तोच नकाशा फोनवर उतरवून घ्यायचा कोडही मिळतो, खरवडून काढायचा. म्हणजे मी कागद आणते आणि फोन त्याचा भरतो. पण थंडीत फोनची बॅटरी मान टाकते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि मुख्य म्हणजे फोनवर डोंगर दिसतो तो किल्लीच्या भोकातून दिसल्यासारखा. आपण आहोत तो ठिपका दिसतो. पलीकडची दरी, आज नको पण पुढच्या वेळी जाऊ अशी दुसरी धार, नाव नसलेलं तळं, हे सगळं टेबलावर पसरल्याशिवाय सुचत नाही. यादीत नसलेला एखादा डोंगर नकाशावर असा काही ऐटीत बसलेला असतो की खुणेची फिकीर राहत नाही.

परवा मी ४८ नंबरचं शीट आणलं. मल बेटावरच्या बेन मोरसाठी. स्काय बेट सोडलं तर बेटावर असलेला मन्रोंच्या यादीतला हा एकच डोंगर. टेबलावर उलगडलं आणि नवरा ताट घेऊन थबकला. कागदाचा बराचसा भाग निळा.

“एवढ्या पाण्याचे पैसे दिलेस?”

“हे बघ, इथे. ९६६ मीटर.”

त्यानं चश्मा वर करून पाहिलं, पेन्सिल घेतली, कंटूर मोजले. मग बराच वेळ पाण्यावरून पेन्सिल फिरवत राहिला.

“पण बेटावर जायचं कसं? बोट कुठून सुटते?”

“ओबनहून.”

“दाखव.”

ओबन ४९ नंबरच्या शीटवर आहे.