खुलासा : ‘८८ टक्के अपघात कामगारांच्याच चुकीने’
सुरक्षा सप्ताहात कारखान्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘८८ टक्के अपघात कामगारांच्या निष्काळजीपणाने होतात, वर्तन-विश्लेषणाने सिद्ध.’ हे खरं नाही. आकडा अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांचा, १९३१ सालचा. अमेरिकेतले विमा दावे आणि कारखानदारांच्याच नोंदींवरून काढलेला. कामगाराची बाजू त्यात येणार कुठून?

वर्तन-विश्लेषण, म्हणजे माणसं कशी आणि कशामुळे वागतात हे निरीक्षणातून अभ्यासणारं शास्त्र, दोषी शोधत नाही. १९७८ साली संशोधक ज्युडिथ कोमाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका खाद्यपदार्थ कारखान्यात सुरक्षित कृती नेमक्या ठरवल्या, नियमित मोजल्या, आलेख सर्वांसमोर लावला. दोन विभागांतलं सुरक्षित कामाचं प्रमाण ७० आणि ७८ वरून ९६ आणि ९९ टक्क्यांवर गेलं. हे थांबवताच पुन्हा घसरलं. माणसं तीच होती, बदलली होती व्यवस्था.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.