नाताळातलं दान आणि हलवायाचं घर

डिसेंबर लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो तक्ता फिरायला लागतो. एक ते चोवीस चौकोन, प्रत्येकात त्या दिवसाचं एक सत्कृत्य, पोराने केलं की टिक मारायची. आज कोणाचं तरी कौतुक करा, उद्या वॉचमनकाकांना चॉकलेट द्या, परवा जुनी खेळणी दान करा. यंदाच्या तक्त्यात एका चौकोनात 'शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढून द्या' असं होतं. वसईत! अहो, दारात पडलेली केळीची सोपटं उचलली तरी शेजारी दुवा देतील, पण असो.

आम्ही वसईचे कॅथलिक, घरात मराठी आणि कादोडी ही इथली बोली दोन्ही चालतं, नाताळ आमचा मोठा सण आणि रविवारी मी चर्चमध्ये लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते. न पटलं तर खाली भांडा, मोकळेपणाने.

तक्त्याला मी सरसकट नावं ठेवत नाही. आमच्याकडेही तसलंच एक आहे आणि ते फार गोड आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमन काळ, तेव्हा वर्गात एक रिकामी गव्हाण ठेवतात आणि मुलाने एक चांगलं काम केलं की त्याने पेंढ्याची एक काडी तिच्यात टाकायची, म्हणजे चोवीस तारखेच्या रात्री बाळ येशूला झोपायला मऊ अंथरूण तयार. गोठ्याचा देखावाही काही आजचा नाही, संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण आणून तो नाताळ साजरा केला, तेव्हापासूनची ही परंपरा सांगतात. आता आपल्या वर्गात या काडीचं काय होतं बघा. दुसऱ्याच रविवारी मोजामोजी सुरू. तुझ्या किती, माझ्या किती. एक पोरगा मला विचारतो, टीचर, आजीला पाणी दिलं तर एक काडी ना, मग फ्रीजमधलं दिलं तर दोन का? आणि ज्याच्या घरी भातशेती आहे त्याने तर सरळ घरूनच मूठभर पेंढा आणला, विषय संपला. मला हसू आवरेना, पण पोरांना दोष कसा देणार, हिशोब आपणच त्यांच्या हातात दिला ना.

यावर अभ्यास झालेला आहे बरं का, माझं एकटीचं रडगाणं नाही. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या वार्नेकेन आणि टोमासेलो या दोघांनी 2008 साली जेमतेम वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाची वस्तू खाली पडते, हात पोचत नाही, बाळं आपणहून उचलून देतात. काही बाळांना मदतीबद्दल खेळणं मिळालं, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत ज्यांना खेळणं मिळालं होतं तीच बाळं मदत करण्यात मागे पडली. वीस महिन्यांचं लेकरू हो! म्हणजे द्यायची ओढ पोटातून असतेच, आपण तिला मजुरी लावली की ती कामगार होते.

दुसरा एक प्रयोग मला याहून आवडतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 2012 मध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांना वाटीत खाऊ दिला आणि समोर एक बाहुला ठेवला. खाऊ स्वतःला मिळाला तेव्हापेक्षा बाहुल्याला देताना मुलांचे चेहरे जास्त खुलले, हे एक. पण गंमत पुढे आहे, प्रयोग करणाऱ्या बाईने 'हा घे, हा त्याला दे' म्हणून हातात ठेवलेला खाऊ देताना जेवढा आनंद दिसला, त्याहून जास्त आनंद स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना दिसला.

स्वतःच्या वाटीतला. माझं सगळं म्हणणं त्या वाटीपाशी आहे. आपण नाताळात मुलांकडून जे दान करवून घेतो त्यातलं बहुतेक हलवायाच्या घरावर तुळशीपत्र असतं. पैसे पप्पांचे, आणायला मम्मी गेलेली, पॅकिंग दुकानदाराने केलेलं, पोराने फक्त पिशवी पुढे करायची आणि फोटोला हसायचं. त्याचं काय गेलं? काहीच नाही. मग त्याला कळणार तरी काय? बायबलातली गोष्ट आहे, मंदिरातल्या दानपेटीत श्रीमंतांनी भरभरून टाकलं आणि विधवेने दमडी टाकली, येशू म्हणाला हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, हे आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन कपाटातलं नको असलेलं काढतो.

नको असलेलं म्हणजे काय ते बघायचं असेल तर डिसेंबरात एकदा चर्चच्या हॉलमध्ये गरिबांना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या लोकांबरोबर पिशव्या निवडायला बसा. मी बसते. तीन चाकांची गाडी. अर्धे तुकडे गायब असलेलं पझल. रंगवून झालेलं चित्रकलेचं पुस्तक. बटणं तुटलेला युनिफॉर्मचा शर्ट, खिशावर शाळेचा बिल्ला तसाच. एकदा तर एकच सँडल निघाली, डाव्या पायाची, आणि निवडणाऱ्या काकी शांतपणे म्हणाल्या, दुसरी पुढच्या वर्षी येईल. या पिशव्या आणताना आईबापांनी मुलांना नक्की सांगितलेलं असणार, बघ बाळा आपण गरिबांना मदत करतोय. आणि पोराने काय शिकायचं? की जे आपल्याला टाकायचंय ते गरिबाला चालतं. यापेक्षा काही न दिलेलं बरं, निदान चुकीचं तरी शिकणार नाही.

फोटोंचं तर बोलायलाच नको, तरी बोलते. नाताळच्या आठवड्यात बालगृहात केक घेऊन जायचं, तिथल्या मुलांना रांगेत उभं करायचं, आपल्या मुलाला सांताची टोपी घालून मध्ये, आणि संध्याकाळी फेसबुकवर अल्बम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 74 आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, फोटो माध्यमांत द्यायला त्यात मनाई आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा. तुमच्या मुलीच्या शाळेची फी भरायला कोणी मदत केली आणि तिचा हात जोडलेला फोटो टाकला तर चालेल का तुम्हाला? उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये हे वाक्य आमच्याच पुस्तकातलं आहे, आणि आम्हीच टॅग करतो.

सांताची टोपी घालायचीच तर सांता कोण ते तरी मुलांना सांगा. हा आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप निकोलस, चौथ्या शतकातला, त्याचा सण 6 डिसेंबरला असतो. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं अडलेली, तर याने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. हुंडा! आपल्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगायची गरजच नाही. पण बघा, रात्री आणि खिडकीतून. म्हणजे त्या बापाला सकाळी उठून कोणापुढे मान खाली घालावी लागू नये.

आमच्या वर्गात आता काडीबरोबर चिठ्ठ्याही असतात, ही जुनी पद्धत आहे, कॉन्व्हेंट हॉस्टेलात राहिलेल्या बायकांना माहीत असेल. प्रत्येकाने एका मुलाच्या नावाची चिठ्ठी उचलायची आणि नाताळपर्यंत त्याच्यासाठी गुपचूप काहीतरी करत राहायचं, नाव फोडायचं नाही. दहा वर्षांच्या पोरांना गुपित पोटात ठेवणं म्हणजे काय यातना असतात ते त्यांचे चेहरे बघूनच कळतं. पण पोरं लक्ष द्यायला लागतात. त्याची पेन्सिल सारखी तुटते, त्याला खोकला आहे, तो डब्यात भेंडी आली की तोंड पाडतो. हे सगळं आधी कोणाच्या लक्षातही नव्हतं.

आणि घरी ताटं. ही पद्धत तर सगळ्यात जुनी आणि सगळ्यात शहाणी. कलकल, करंज्या, केक, पेराड म्हणजे पेरूच्या वड्या, क्रोशाचा रुमाल टाकलेलं ताट घेऊन पोरांनी आळीत फिरायचं. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ आला त्यांच्याकडे तर जायचंच, पण आमच्या आजीचा नियम होता की ज्यांच्याकडून कधीच काही येत नाही त्यांच्याकडे आधी. कलकल मात्र पोरांनी स्वतः वळलेले हवेत. फणीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, शेदोनशे झाले की बोटं दुखतात, तळून पाकात घोळवेपर्यंत तोंडाला पाणी सुटतं, आणि मग त्यातलेच भरून दुसऱ्याच्या घरी द्यायचे. ही झाली स्वतःची वाटी.

मागच्या नाताळात माझा धाकटा मागच्या चाळीत बिहारचं कुटुंब राहतं त्यांच्याकडे ताट घेऊन गेला. त्या बाईंनी ताट ठेवून घेतलं, त्याला बसवलं आणि म्हणाल्या थांब. ताट रिकामं परत पाठवायचं नसतं हे त्यांच्याकडेही आहे. घरात काय असेल ते असेल, त्यांनी कढईत चणे भाजले, वर कांदा, मिरची, लिंबू आणि ते ताटभर. हा वाटेत खातच आला, तोंड लाल, आणि मला म्हणतो, मम्मी, आपण द्यायला गेलो होतो ना मग त्यांनी का दिलं? म्हटलं, तू रोज जा खेळायला, कळेल. आता त्यांचा मुलगा आणि हा सायकलवर एकत्र असतात, आणि कोण कोणाला मदत करतंय असा प्रश्न कोणालाच पडत नाही. पोरांना द्यायला शिकवताना घ्यायलाही शिकवा, नाहीतर देणारा तो मोठा आणि घेणारा तो बिचारा हे डोक्यात पक्कं बसतं आणि मग आयुष्यभर निघत नाही.

आमच्याकडे गरज म्हणजे फक्त पैशाची असंही नाही. वसईत फिरून बघा, केवढे मोठे बंगले आणि आत दोन म्हातारी माणसं. मुलं कॅनडात, दुबईत, ऑस्ट्रेलियात. नाताळाला पार्सल येतं, माणूस येत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सर आहेत, मोतीबिंदूने वाचता येत नाही, माझी थोरली शनिवारी त्यांना 'सुवार्ता' मासिक वाचून दाखवायला जायला लागली. सुरुवातीला कुरकूर होती, शनिवारी तिचा बॅडमिंटनचा ग्रुप असतो. सर तिच्या मराठी उच्चारांना टोकतात, 'ण' नीट म्हण म्हणून एकच ओळ पुन्हा वाचायला लावतात. ती वैतागते. तरी जाते. याला कोणत्या चौकोनात बसवणार आणि टिक कधी मारणार?

काही जण म्हणतील, एवढं कशाला, लहान मुलं आहेत, तक्त्याने सुरुवात तर होते ना. होते, मान्य. चार वर्षांच्या मुलाला तक्ता ठीक आहे, त्याला चौकोन रंगवायलाच मजा येते. पण दहा वर्षांच्या मुलाला आपण एवढंही विचारू नये का, की तुझ्या खाऊच्या पैशातले किती देशील, आणि तो म्हणाला काहीच नाही, तर तेही ऐकून घेऊ नये का? बळजबरीने घेतलेलं दान नसतं, ती वसुली असते. दानत यायला वेळ लागतो, मोठ्यांनाही लागतो, पंचवीस तारखेपर्यंत ती येईलच असं कोणी सांगितलंय?

शेवटचं एक आणि थांबते, फार लांबलं. मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका सिस्टरांना मी विचारलं की यंदा वर्गातर्फे काय आणू. त्या हसल्या, म्हणाल्या, बाय, केक नको. नाताळच्या आठवड्यात एवढे केक येतात की मुली पोळीभाजी मागतात, आणि फेब्रुवारीत फाटकाशी कुत्रं फिरकत नाही. दहावीच्या मुली आहेत, गणितात अडकल्यात, जानेवारीपासून परीक्षेपर्यंत शनिवार-रविवार कोणी शिकवायला येणारं असेल तर बघ. तर ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी, गणित चांगलं असलेली मुलं आहेत त्यांनी मला इनबॉक्स करा. भूमितीवाला एक मिळालाय, बीजगणिताला अजून कोणी नाही.